झॉम्बी पळावा की चालावा?

आमच्या फ्लॅटवर वाद व्हायला कारण लागत नाही. मिसळीबरोबर पाव की ब्रेड, कोडमध्ये टॅब की स्पेस, सेहवाग मोठा की गंभीर... असल्या विषयांवर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत घसे कोरडे केलेले आहेत. पण मागच्या महिन्यात एका शुक्रवारी जो वाद पेटला तो माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. विषय: जास्त भीतीदायक कोण, पळणारा झॉम्बी की चालणारा?

झालं असं की रूममेट त्या आठवड्यात ऑन-कॉल होता. म्हणजे प्रॉडक्शनमध्ये काही फुटलं की रात्री-अपरात्री फोन ह्याला. बाहेर जेवायला जाता येईना, म्हणून भुर्जी-पाव मागवला, लॅपटॉप शेजारी उघडा ठेवला आणि 'डॉन ऑफ द डेड' लावला. २००४ चा, झॅक स्नायडरवाला. हॉस्टेलला आम्ही तो निदान चार वेळा पाहिलाय. एक नर्स ड्यूटी संपवून घरी येते, झोपते, पहाटे शेजारची लहान मुलगी बेडरूमच्या दारात उभी. पुढच्या दोन-तीन मिनिटांत नवरा गेला, घर गेलं, गल्ली गेली, शहर पेटलं. आणि सगळे झॉम्बी शंभर मीटरच्या शर्यतीत उतरल्यासारखे सुसाट!

"बघ," रूममेट म्हणाला, "ह्याला म्हणतात भीती. तुझे ते म्हातारे झॉम्बी, पाय ओढत ओढत येणारे... मी तर त्यांच्या बाजूने चालत निघून जाईन."

इथे थोडं थांबून आईसाठी लिहितो, कारण ती हे वाचते आणि मग फोन करून विचारते. आई, झॉम्बी म्हणजे मेलेला माणूस, जो उठून चालायला लागतो आणि जिवंत माणसांना चावतो. ज्याला चावतो तोही मग झॉम्बी. आपल्याकडच्या भुतांचं तसं नाही. वेताळ गोष्टी सांगतो आणि प्रश्न विचारतो, मुंजा आपल्या पिंपळावर असतो, बाकीच्यांना नारळ-लिंबू, उतारा असं काहीतरी चालतं. थोडक्यात, बोलणी होऊ शकतात. झॉम्बीशी बोलणी नाहीत. त्याचा तुमच्यावर रागही नसतो. तो फक्त येत असतो.

मूळचा झॉम्बी हैतीचा, आणि त्याच्या मागे गुलामगिरीचा इतिहास आहे. तिथे भीती झॉम्बी चावेल ही नव्हतीच, आपण स्वतः झॉम्बी होऊ ही होती. मेल्यावरही सुटका नाही, कोणीतरी उठवून पुन्हा मळ्यावर राबायला लावणार. १९३२ च्या 'व्हाइट झॉम्बी' मध्ये साखरेच्या गिरणीत हे लोक मुकाट्याने चरक फिरवतात, त्यातला एक आत पडतो, आणि बाकीचे तसेच फिरवत राहतात. (आयटीवाल्यांना हा प्रसंग अधिक समजावून सांगायची गरज नसावी.)

माणसं खाणारा आजचा झॉम्बी जॉर्ज रोमेरोने आणला, १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' मध्ये. गंमत म्हणजे त्या पिक्चरमध्ये झॉम्बी हा शब्द एकदाही येत नाही. रोमेरोचे मेलेले हळू चालतात, आणि ती चाल पुढची कितीतरी वर्षं प्रमाण मानली गेली. अधूनमधून अपवाद होते, १९८५ च्या 'रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड' मधले पळतातही आणि बोलतातही. पण खरा घाव घातला डॅनी बॉयलच्या '२८ डेज लेटर' ने, २००२ साली. त्यातले लोक मेलेले नाहीत, रेज नावाच्या व्हायरसने पिसाळलेले आहेत, आणि पळतात म्हणजे काय पळतात! दोन वर्षांनी स्नायडरने मेलेल्यांनाही पळवलं आणि जगात दोन पक्ष पडले. 'शॉन ऑफ द डेड' वाला सायमन पेग २००८ मध्ये गार्डियनमध्ये लेख लिहून हळू चालणाऱ्यांच्या बाजूने उभा राहिला. म्हणजे आमचा वाद अगदीच रिकामटेकडा नाही, हे नोंदवून ठेवतो :-)

तर मी मार्कर घेऊन फ्रीजच्या दारावर गणित मांडलं. धरा, झॉम्बी ताशी २ किलोमीटर चालतो. माणूस ताशी ५. पण माणूस दिवसाचे ८ तास चालला तरी खूप, म्हणजे झाले ४०. झॉम्बी झोपत नाही, जेवायला थांबत नाही, त्याच्या पायाला फोड येत नाहीत. २ गुणिले २४, म्हणजे ४८. रोज आठ किलोमीटर तो तुमच्या जवळ येतोय. ससा-कासवाचीच गोष्ट आहे, फक्त ह्यावेळी आपण ससा आहोत आणि कासवाला दात आहेत. उलट '२८ डेज लेटर' मधले पळणारे शेवटी उपाशी मरतात. एवढं पळायचं तर इंधन लागतंच की.

"हे सगळं फ्रीजवर ठीक आहे," रूममेट म्हणाला. "दारात आल्यावर कोणाची जास्त फाटते ते सांग."

मी म्हटलं, मुद्दा फाटण्याचा नाहीच. पळणारा आला आणि तुम्ही मेलात, तर तुमची काय चूक? अडीच सेकंदात कोण काय करणार? तो तुम्हाला दोषमुक्त करून मारतो. चालणारा लांबून दिसत असतो. त्याने तुम्हाला गाठलं, तर मधल्या वेळात तुम्ही काय करत होतात?

त्यावर त्याने '२८ वीक्स लेटर' काढला, २००७ चा. सुरुवातीलाच घरात पळणारे घुसतात, आणि नवरा बायकोला वरच्या खोलीत सोडून शेतातून पळत सुटतो, मागे खिडकीत ती उभी. "हा दोषमुक्त काय?" पॉइंट होता. मी म्हटलं, त्याच्याकडे दोन सेकंद होते रे, दोन सेकंदांत माणसाचं शरीर पळतं, माणूस नाही. मग तो म्हणाला की रोमेरोचा पहिलावहिला झॉम्बी, स्मशानातला, बऱ्यापैकी भराभर चालतो, चक्क दगड उचलून गाडीची काच फोडतो. हेही खरं आहे, आणि आमच्या पक्षाचे लोक ह्याबद्दल सहसा बोलत नाहीत. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुठलातरी सर्व्हर झोपला होता. पाच मिनिटांत सहा माणसं कॉलवर, मॅनेजर जागा, सगळे एकदम शूर. पंचेचाळीस मिनिटांत प्रकरण मिटलं आणि दुसऱ्या दिवशी ह्याला शाबासकीची मेल.

मला मात्र आमच्याच टीममधली एक जुनी गोष्ट आठवत होती. एका मशीनची डिस्क दर आठवड्याला एक टक्का भरत होती. आलेख सगळ्यांना दिसायचा. रोज सकाळच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणायचं, बघितलं पाहिजे. वर्षभर म्हणत होतो.

असो. सकाळची एसटी पकडायची होती म्हणून मी झोपलो.

नेहमीच्या वाचकांना मी एक गोष्ट सांगितलेली नाही. शक्य असेल त्या शनिवारी मी सांगलीला जातो, ते नुसतं आईच्या हातचं खायला नाही. बाबांचं डायलिसिस असतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, प्रत्येक वेळी चार तास. आई आठवड्यातले दोन दिवस बसते, शनिवार मला जमेल तसा माझा. खुर्चीशेजारी एक स्टूल असतं, त्यावर नातेवाईक. हातातल्या फिस्टुलात दोन सुया, एका नळीतून रक्त बाहेर, मशीनमधून फिरून दुसऱ्या नळीतून आत. पहिल्या दिवशी मी नळ्यांकडे बघायचं टाळत होतो, बाबा मात्र सिस्टरना पंपाचा वेग विचारत होते. शाळेत गणित शिकवण्यात जन्म गेला त्यांचा.

चार तास काढायचे कसे हा मोठा प्रश्न. पेपर अर्ध्या तासात संपतो. कीर्तनं त्यांना आवडत नाहीत, बातम्यांनी बीपी वाढतं. त्या शनिवारी माझे डोळे झोपेने लाल होते, काय करत होतास रात्रभर म्हणून त्यांनी विचारलं, आणि मी फ्रीजवरचं गणित सांगितलं. ४८ वजा ४० त्यांना फार आवडलं. "दाखव की मग तो तुझा हळूवाला," म्हणाले.

'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' यूट्यूबवर फुकट आहे, आणि कायदेशीर. प्रदर्शनाच्या आधी पिक्चरचं नाव बदललं, नवीन नावाच्या पाटीवर कॉपीराइटची ओळ टाकायची राहिली, आणि त्या काळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे पिक्चर सगळ्यांचा झाला. एका राहिलेल्या ओळीमुळे बिचाऱ्या रोमेरोचं केवढं नुकसान. कोड रिव्ह्यू महत्त्वाचा असतो तो असा. फोन उशीला टेकवून उभा केला, एक इअरफोन त्यांच्या कानात, एक माझ्या. इंग्रजी त्यांना फार कळत नाही, मी मराठीत सांगत होतो.

पिक्चर सुरू होतो तो दोन भावंडं लांबून गाडी चालवत वडिलांच्या थडग्यावर फुलांचं चक्र ठेवायला येतात इथून. भाऊ कुरकुरतोय, एवढ्या लांब यायचं म्हणजे काय, दिवस वाया. हे मी पूर्ण विसरलो होतो. हॉस्टेलला असली दृश्यं कोण लक्षात ठेवतो. इथे भाषांतर करताना माझी जीभ अडखळली. बाबा म्हणाले, "पुढे सांग. काय म्हणतोय?" मी म्हटलं, रस्ता खराब आहे म्हणतोय.

मग भाऊ जातो, बहीण एका शेतघरात शिरते, तिथे बेन येतो आणि खिडक्यांवर फळ्या ठोकायला लागतो. तळघरात आधीपासून माणसं लपलेली असतात. एक तरुण जोडपं, आणि कूपर नावाचा एक टकला, चिडका माणूस, त्याची बायको आणि चावा बसलेली लहान मुलगी. इथून पुढे पिक्चर झॉम्बींचा राहतच नाही. कूपर म्हणतो तळघरात चला, तिथे एकच दार आहे, ते आतून बंद करता येतं. बेन म्हणतो, तळघर म्हणजे पिंजरा, वरच थांबायचं. दोघं भांडतात. बाहेर ते एकेक करून जमताहेत, दहा, वीस, तीस, आणि आत ह्यांचा आवाज चढलेला.

"अरे, पण ते एवढे हळू चालताहेत," बाबा म्हणाले, "मग हे लोक निघून का जात नाहीत?"

"गाडीत पेट्रोल नाही. पंपाची किल्ली सापडत नाही. मुलगी आजारी आहे."

"हं. कारणं आहेत सगळी."

सिस्टर बीपी बघून गेल्या. पेट्रोल भरायच्या नादात तरुण जोडपं गाडीसकट जळतं. दिवे जातात, फळ्या निघतात. तळघरातली मुलगी, जी सगळा वेळ फक्त आजारी म्हणून पडून होती, ती मरते आणि उठते, आणि आई तिला मारू शकत नाही. आणि शेवटी सगळे गेल्यावर बेन एकटा कुठे जातो? तळघरात. तिथेच रात्र काढतो, आणि तिथे तो वाचतो. (सकाळी त्याचं काय होतं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी लिहीत नाही.)

बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे टकल्या बरोबर होता की रे."

पिक्चर पाहणाऱ्या सगळ्यांचं हे होतं. आपण पहिल्यापासून बेनच्या बाजूचे असतो. तो शांत, हुशार, कामाचा. कूपर इतका अप्रिय आहे की तो काय म्हणतोय हे आपण ऐकतच नाही.

"दादासारखा आहे," बाबा म्हणाले. "बोलायची पद्धत वाईट."

दादा म्हणजे माझे मोठे काका.

२०२१ ची दिवाळी. फराळाचं ताट समोर, आणि काकांनी सगळ्यांसमोर सुरुवात केली. क्रिएटिनिन २.२ म्हणजे काय खेळ आहे का, किडनीच्या डॉक्टरला अजून दाखवलं कसं नाही, त्या गुडघ्याच्या गोळ्या मेडिकलमधून आणून खातोस त्या आधी बंद कर, आणि "पोरगा इंजिनियर झाला म्हणजे डॉक्टर होत नाही." काकांचं नेहमीचंच, बोट रोखून, आवाज वर. लग्नात हॉलवाल्याशीही ते ह्याच आवाजात बोलतात. मला राग आला. मी म्हटलं, "काका, रिपोर्ट मी बघतोय. थोडंसं वर आहे, शुगर सांभाळली की येईल खाली. सणाच्या दिवशी घाबरवू नका त्यांना." बाबांना बरं वाटलं. आईलाही. काका ताट अर्धवट ठेवून उठले.

आता खरं ते सांगतो. त्याच्या आदल्या रात्री मी नेटवर वाचलं होतं. गुडघ्याच्या त्या वेदनाशामक गोळ्या मधुमेह्याच्या किडनीला वाईट हे मला दिवाळीच्या दिवशी माहीत होतं. मी तो टॅब बंद केला होता. पुढच्या आठवड्यात रिलीज होतं, मग बाबांना पुण्याला नेऊ, मग जानेवारीत नेऊ. काकांनी गोड शब्दांत सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का? मला नाही वाटत. पण त्यांच्या आवाजामुळे मला न ऐकण्याची सोय झाली.

नेफ्रॉलॉजिस्टकडे गेलो ते २०२३ मध्ये. डॉक्टर शांत होते. जुने रिपोर्ट मागितले, टेबलावर तारखेप्रमाणे लावले. २०१८ ला १.४. २०१९ ला १.६. २०२० चा नाही, लॉकडाऊन. २०२१ ला २.२, २०२२ ला २.८, आणि समोरचा ३.७. एवढंच विचारलं, "मधे कोणाला दाखवलं नाही?" गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या. पथ्य, नवीन औषधं सुरू झाली. आधी आलो असतो तर टळलं असतं असं ते म्हणाले नाहीत. काही वर्षं पुढे ढकलता आलं असतं कदाचित, असं म्हणाले.

त्या रात्री मी एक्सेल उघडलं. नुसत्या आकड्यांचा आलेख काढला तर तो सुरुवातीला आडवा दिसतो आणि शेवटी एकदम वर जातो, म्हणजे वाटतं की अचानक झालं. पण किडनीवाले डॉक्टर त्याचा व्यस्त घेऊन बघतात, एक भागिले क्रिएटिनिन. तसा काढला. सरळ रेघ. दर वर्षी साधारण ०.०९, ना कमी ना जास्त. एकाच वेगाने, न थांबता, न झोपता चालत येणारी. २०२१ पर्यंतच्या तीन बिंदूंमधून पट्टी ठेवली तर ती २०२५ च्या आसपास तळाला टेकत होती. तीन बिंदू आणि पट्टी. आठवीच्या मुलाला येतं हे, आणि ज्यांनी आठवीच्या मुलांना हे तीस वर्षं शिकवलं त्यांच्याच घरात ते कोणी केलं नाही. डायलिसिस २०२५ मध्ये सुरू झालं.

२००९ मध्ये ओटावाच्या काही गणितज्ञांनी चक्क झॉम्बींच्या साथीचं मॉडेल छापलं होतं. नेमके हळू चालणारे झॉम्बी धरून. निष्कर्ष असा की अलग ठेवणं, औषध शोधणं वगैरे पुरेसं पडत नाही, लवकर आणि जोरात प्रतिकार केला तरच सर्वनाश टळतो. कॉलेजात असताना मी तो पेपर मित्रांना फॉरवर्ड केला होता, खाली हसण्याच्या स्मायल्या टाकून.

तर शनिवारी, मशीनवर शेवटचा अर्धा तास उरलेला असताना, मी बाबांना विचारलं, "मग? तुमचं मत काय? पळणारा की चालणारा?" मला वाटलं ते माझ्या बाजूने बोलतील.

"पळणाराच वाईट," ते म्हणाले. लगेच.

मी फ्रीजचं गणित पुन्हा काढलं. त्यांनी सुई नसलेला हात वर केला. "गणित बरोबर आहे तुझं. पण आमच्या शाळेतले ते ड्रॉइंगचे सर, पन्नाशीत गेले, प्रार्थनेच्या वेळी ग्राउंडवर. सकाळी माझ्याबरोबर चहा प्यायला होता त्यांनी. त्यांच्या मुलाला वडिलांशी भांडायलासुद्धा मिळालं नाही. तुझा हा हळूवाला येतोय येतोय म्हणून तू दर शनिवारी येतोस. आधी गणपती-दिवाळीला यायचास."

हे बोलताना ते माझ्याकडे नाही, मशीनवरच्या आकड्यांकडे बघत होते. मला त्यावर उत्तर सुचलं नाही. काकांबद्दलही काहीतरी बोलायचं होतं, २०२१ च्या त्या टॅबबद्दल, जे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. म्हणजे आता सांगितलं असं समजायला हरकत नाही, कारण आई हे त्यांना वाचून दाखवेल.

परतीच्या बसमध्ये रूममेटचा मेसेज आला: निकाल काय? मी लिहिलं, एक मत तुला गेलं, पण कारण तुझं नाही.

येत्या शनिवारी 'ट्रेन टू बुसान' लावणार आहे, २०१६ चा कोरियन. पळणारे आहेत, आणि सगळं ट्रेनच्या डब्यात, त्यामुळे बाबांना आवडेल असं वाटतं. सबटायटल्स मी वाचून दाखवीन. काकांना परवा मी फोन केला. झॉम्बी म्हणजे काय हे त्यांना समजावण्यात दहा मिनिटं गेली, मग म्हणाले, असला फालतूपणा दवाखान्यात चालतो का, तुम्हाला काही काळवेळ आहे की नाही. आणि मग, किती वाजता सुरू होतं?

स्टूल एकच आहे. दुसरं मागून बघतो.